रेमडेसिव्हिर: कोणाला, कितव्या दिवशी आणि सलाईनमधून कसं

एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात रेमडेसिव्हिर या कोरोनावरच्या इंजेक्शनसाठी मेडिकलपुढे रांगा लागल्या. केंद्र सरकारने ११ एप्रिलला निर्यात थांबवली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या देखरेखीखाली वायल (औषधाच्या छोट्या सीलबंद बाटल्या) वाटल्या जाऊ लागल्या. त्या गदारोळात एक समज घट्ट बसला, की हे इंजेक्शन मिळालं तर माणूस वाचतो. तो समज अजून पुरता उतरलेला नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची टेस्ट पॉझिटिव्ह आली की पहिली चौकशी होते ती 'रेमडेसिव्हिर कुठं मिळेल' याची. त्याआधी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. लक्षणं सुरू होऊन आज कितवा दिवस? ऑक्सिजन लागतोय का? लिव्हरचे रिपोर्ट काय आले? ड्रिप कोण लावणार, कुठं आणि किती वेळात?

या लेखाचा क्रमही तोच आहे. सुरुवातीचा भाग रुग्ण आणि नातेवाइकांसाठी आहे. मधला भाग लहान नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींना जास्त उपयोगी पडेल, पण नातेवाइकांनीही तो वाचावा. काय व्हायला हवं हे माहीत असलं की काय चुकतंय ते दिसतं. औषध द्यायचं की नाही हे मात्र रुग्णाला तपासणारे डॉक्टरच ठरवतील. ही माहिती घेऊन घरी प्रयोग करायचे नाहीत.

आधी हे औषध करतं काय

कोरोना विषाणू आपल्या पेशीत शिरला की स्वतःच्या आरएनएच्या (त्याच्या जनुकीय साखळीच्या) नकला काढू लागतो. त्यासाठी त्याच्याकडे पॉलिमरेज नावाचं एन्झाइम असतं. रेमडेसिव्हिर शरीरात गेल्यावर आरएनएच्या एका घटकासारखं रूप घेतं. पॉलिमरेज फसतं, हा घटक साखळीत जोडतं आणि पुढे काही कड्यांनंतर साखळी अडते. नकला निघणं मंदावतं.

याचा सरळ अर्थ असा, की विषाणू जोरात वाढत असतो तेव्हाच हे औषध कामाचं. आजाराचे पहिले सात-आठ दिवस विषाणूचे असतात. त्यानंतर जो रुग्ण खालावतो तो बहुतेकदा शरीराच्या स्वतःच्याच भडकलेल्या प्रतिकारामुळे, फुप्फुसातल्या सुजेमुळे. त्या टप्प्यावर उपयोग होतो तो डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडचा. बाराव्या दिवशी व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णासाठी जमीन गहाण टाकून सहा वायल आणणारी कुटुंबं २०२१ मध्ये होती. त्यांच्या धावपळीला कोणी नावं ठेवू नयेत, पण त्या दिवशी त्या वायलकडून फारसं काही होणार नव्हतं.

चाचण्या काय सांगतात तेही थोडक्यात. अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत १,०६२ रुग्ण होते. रेमडेसिव्हिर मिळालेले रुग्ण साधारण १० दिवसांत बरे झाले, न मिळालेले १५ दिवसांत. मृत्यू टळतात असं त्या चाचणीतून ठामपणे सिद्ध झालं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीच्या ऑक्टोबर २०२० मधल्या अंतरिम निकालातही मृत्यूंवर परिणाम जवळपास दिसला नाही, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये संघटनेने औषध न वापरण्याचा सल्ला दिला. २०२२ मध्ये, नवे पुरावे आल्यावर, तो सल्ला बदलला: सौम्य आजार पण धोका जास्त अशांना आणि ऑक्सिजन लागणाऱ्या गंभीर रुग्णांना विचारपूर्वक द्यावं, व्हेंटिलेटरवरच्या अतिगंभीर रुग्णांना नको. माझ्या मते हे औषध 'ठीक आहे, वेळेवर दिलं तर' या वर्गातलं आहे. संजीवनी नाही आणि पाणीही नाही.

पायरी १: दिवस मोजा

मोजणी टेस्टच्या तारखेपासून करायची नाही. पहिला ताप, घसादुखी, अंगदुखी ज्या दिवशी सुरू झाली तो पहिला दिवस. केस पेपरवर ही तारीख ठळक लिहून घ्या. रुग्णाला नीट आठवत नसेल तर घरच्यांना विचारा. 'रविवारी जेवण गेलं नव्हतं' अशा खुणेवरून तारीख पक्की होते.

दवाखान्यात दाखल नसलेल्या, पण धोका जास्त असलेल्या माणसाला द्यायचं असेल तर सात दिवसांच्या आत सुरू करावं लागतं. भारताच्या २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत, ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांसाठी, ही मर्यादा १० दिवसांची होती.

पायरी २: या रुग्णाला खरंच हवंय का

तीन गट वेगळे करून बघा.

पहिला गट: धडधाकट, तरुण, लस घेतलेला, ऑक्सिजन ९७-९८. याला काही नको. पॅरासिटामॉल, पाणी, विश्रांती आणि ऑक्सिमीटर.

दुसरा गट: ऑक्सिजन चांगला आहे, पण वय जास्त आहे, किडनी बदललेली आहे, कॅन्सरची केमो चालू आहे किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आहेत. अशांना तीन दिवसांचा कोर्स देण्याची पद्धत अमेरिकेत जानेवारी २०२२ पासून मान्य आहे. ५६२ रुग्णांच्या चाचणीत औषध मिळालेल्यांपैकी ०.७ टक्के जणांना कोविडमुळे दाखल व्हावं लागलं, न मिळालेल्यांत ५.३ टक्के. या गटासाठी पॅक्सलोविड या कोविडवरच्या गोळ्या सोप्या पडतात, पण त्यातलं रिटोनाव्हिर इतर औषधांची रक्तातली पातळी बदलतं. टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) घेणाऱ्या किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णात तर ती धोकादायक इतकी वाढते. तिथं तीन दिवसांची ड्रिप हा डॉक्टरांकडचा चांगला पर्याय ठरतो. अमेरिकेतल्या मुलाने 'इथं घरी राहूनच देतात' असं सांगितलं तर त्याचा अर्थ समजून घ्या: रुग्ण घरी राहतो, पण ड्रिप इन्फ्युजन सेंटरमध्ये, देखरेखीखाली लागते.

तिसरा गट: ऑक्सिजन ९४ च्या खाली, नाकाला नळी किंवा मास्क लागलेला, आणि दिवस अजून हातात. दाखल रुग्णांत सगळ्यात जास्त विचार होतो तो यांचाच. सोबत स्टेरॉइड असतंच. त्यामुळे रुग्णाला मधुमेह असो वा नसो, रक्तातली साखर रोज बघायला सांगा. २०२१ मधल्या म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) लाटेत बेलगाम साखर आणि स्टेरॉइड यांची जोडगोळी वारंवार दिसली होती.

एचआरसीटीचा (छातीच्या सीटी स्कॅनचा) स्कोर या यादीत कुठंच नाही, हे मुद्दाम लिहितोय. 'स्कोर नऊ आहे, रेमडेसिव्हिर लागेल' असं सांगितलं गेलं तर शांतपणे विचारा: ऑक्सिजन किती आहे आणि दिवस कितवा आहे?

पायरी ३: सुरू करण्याआधीचे रिपोर्ट आणि घरच्या गोळ्यांची पिशवी

लिव्हर फंक्शन टेस्ट आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) हे दोन रिपोर्ट पहिल्या डोसच्या आधी हवेत. लिव्हरच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) बघायचं. कोर्स चालू असतानाही डॉक्टर ते पुन्हा करतात. एसजीपीटी नेहमीच्या कमाल मर्यादेच्या दहापटीच्या वर गेलं तर औषध थांबवण्याचा विचार होतो. म्हणजे लॅबची मर्यादा ४० असेल तर ४०० च्या वर. सोबत कावीळ, पोटात उजवीकडे दुखणं, मळमळ अशी लिव्हरच्या सुजेची लक्षणं दिसू लागली तर औषध बंदच करायचं.

किडनीबद्दल गोंधळ आहे, तो समजून घ्या. २०२१ च्या भारतीय मार्गदर्शिकेत ईजीएफआर (किडनी किती काम करते याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर देऊ नये असं होतं. कारण होतं औषध विरघळवण्यासाठी वापरलेलं सायक्लोडेक्स्ट्रिन, जे किडनीवाटे बाहेर पडतं. पुढे अभ्यास झाले आणि जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डायलिसिसच्या रुग्णांनाही डोस न बदलता द्यायला परवानगी दिली. त्यामुळे डॉक्टरांनी डायलिसिसवरच्या रुग्णाला सुरू केलं तर लगेच घाबरू नका. मात्र नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) कळवलंय ना, हे विचारा.

आता पिशवी. रुग्ण घरी घेत असलेल्या सगळ्या गोळ्या, रिकाम्या पट्ट्यांसकट, एका पिशवीत घालून दवाखान्यात न्या. त्यात दोन गोष्टी शोधायच्या आहेत. एक, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. संधिवातासाठी ते दिलं जातं आणि भारतात मधुमेहासाठीही. बरेच लोक त्याला 'शुगरची गोळी' म्हणूनच ओळखतात, त्यामुळे सांगायचं राहून जातं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन किंवा क्लोरोक्विन रेमडेसिव्हिरचा विषाणूविरोधी परिणाम कमी करू शकतं, म्हणून दोन्ही एकत्र देत नाहीत. ते शरीरात कित्येक आठवडे रेंगाळतं, तेव्हा 'परवाच बंद केली' हेही डॉक्टरांना सांगा. दुसरी गोष्ट, वॉरफरिन किंवा रक्त पातळ करणारी कोणतीही गोळी.

गरोदर बाईला, विशेषतः चौथ्या महिन्यानंतर, दिल्याच्या अनुभवातून औषधामुळे वेगळा धोका आढळलेला नाही. पहिल्या तीन महिन्यांची माहिती कमी आहे. हा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांना सोबत घेऊन व्हावा.

पायरी ४: वायल हातात आली की

शक्यतो औषध दवाखान्याच्या फार्मसीतूनच येऊ द्या. बाहेरून आणावं लागलं तर चिठ्ठी, आधार आणि पक्कं बिल. बिलावर बॅच नंबर असायला हवा आणि तो वायलवरच्या नंबराशी जुळायला हवा. एप्रिल २०२१ मध्ये बारामतीत पोलिसांनी चार जणांना पकडलं. वापरून झालेल्या वायलमध्ये पॅरासिटामॉलचं द्रव भरून ते विकत होते असं तपासात पुढे आलं. त्याच महिन्यात कंपन्यांनी किमती उतरवल्या होत्या, एका ब्रँडची २,८०० वरून ८९९ रुपयांवर आली होती, तरी काळ्या बाजारात लोक कितीतरी पट मोजत होते. टंचाई आली की अशी माणसं पुन्हा येतील.

बघायचं काय? सीलबंद टोपी, खाडाखोड नसलेलं लेबल, उत्पादकाचा पत्ता, मुदत. इंग्रजी अक्षरं चुकलेली असतील तर ती वायल बाजूला ठेवा. पावडरीची वायल असेल तर आत पांढरट ते पिवळसर सुकी वडी किंवा भुकटी दिसेल. पावडरीच्या नावाखाली आत द्रव दिसला तर सरळ अन्न व औषध प्रशासनाला फोन.

पावडरीची वायल ३० अंशांच्या खाली, थंड कोरड्या जागी चालते. तयार द्रवाची वायल फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत. ब्रँडप्रमाणे फरक असतो, म्हणून खोक्यातलं पत्रक वाचा. हा लेख आणि पत्रक यांत फरक दिसला तर पत्रक खरं.

पायरी ५: औषध तयार करणं

सिस्टर मंडळी, इथून पुढे सावकाश वाचा. घाई याच टप्प्यावर होते.

प्रौढ माणसाला, आणि ४० किलो किंवा जास्त वजनाच्या मुलाला, पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम म्हणजे दोन वायल, मग रोज एकदा १०० मिलिग्रॅम म्हणजे एक वायल. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो आणि त्यांच्यासाठी पावडरीचीच वायल घ्यायची. ते गणित बालरोगतज्ज्ञ लिहून देतील, अंदाजाने करू नये.

१०० मिलिग्रॅमच्या पावडरीत १९ मिली स्टराइल वॉटर फॉर इंजेक्शन घालायचं. इथं सलाईन नको, पाणीच. चांगल्या वायलमध्ये निर्वात पोकळी असते, सुई टोचली की पाणी आपोआप आत ओढलं जातं. ओढलं गेलं नाही तर ती वायल वापरू नका. बनावट माल ओळखायला ही खूण अनायासे हाताशी येते.

पाणी घातल्यावर ३० सेकंद हलवा. मग दोन-तीन मिनिटं तशीच राहू द्या. पूर्ण विरघळलं नसेल तर पुन्हा तेच. द्रावण स्वच्छ, रंगहीन ते पिवळसर दिसलं पाहिजे. कण तरंगत असतील तर टाकून द्या, 'चालतंय' म्हणू नका. आता २० मिलीत १०० मिलिग्रॅम औषध आहे, म्हणजे दर मिलीला ५ मिलिग्रॅम.

यानंतर ०.९ टक्क्यांच्या नॉर्मल सलाईनची १०० किंवा २५० मिलीची पिशवी घ्या. जेवढं औषध घालायचं तेवढं सलाईन आधी काढून टाका: पहिल्या दिवशी ४० मिली, नंतर २० मिली. मग औषध घाला आणि पिशवी हळुवार २० वेळा उलटसुलट करा. वायल हलवायची, पिशवी मात्र जोरात हलवायची नाही.

वायलमध्ये जंतुरोधक नसतं. म्हणून एक वायल, एक रुग्ण, एक डोस. वायलमध्ये तयार केलेलं द्रावण लगेच सलाईनमध्ये जायला हवं. सलाईनमध्ये मिसळलेलं औषध साध्या खोलीच्या तापमानाला, २० ते २५ अंशांत, २४ तास आणि फ्रीजमध्ये ४८ तास टिकतं. विदर्भातल्या मे महिन्यात पंख्याखालची खोली म्हणजे २५ अंश नव्हे, हे ध्यानात असू द्या. पिशवीवर रुग्णाचं नाव, औषध, डोस आणि तयार केल्याची वेळ लिहा.

पायरी ६: ड्रिप

रेमडेसिव्हिर फक्त शिरेतून आणि फक्त ड्रिपमधून. दंडात किंवा कमरेत नाही. सिरिंजने एकदम ढकलायचं तर मुळीच नाही.

वेळ ३० मिनिटं ते दोन तास. मी निवडायचं म्हटलं तर तासापेक्षा कमी वेळात देणार नाही, कारण वेग कमी ठेवला तर ड्रिप चालू असताना येणारी रिअ‍ॅक्शन टळू शकते. पंप नसेल तर थेंब मोजा. आपल्याकडच्या साध्या सेटमध्ये सहसा २० थेंबांचा एक मिली होतो, वेष्टनावर ते छापलेलं असतं. त्या हिशेबाने १०० मिली एका तासात संपवायला मिनिटाला साधारण ३३ थेंब, आणि २५० मिली दोन तासांत संपवायला साधारण ४२. लावून निघून जाऊ नका. हात वळला, कोपर दुमडलं की वेग बदलतो.

त्याच लाइनमधून त्याच वेळी दुसरं अँटिबायोटिक किंवा मल्टिव्हिटॅमिन सोडायचं नाही. ड्रिप संपल्यावर किमान ३० मिली नॉर्मल सलाईनने लाइन धुऊन काढा, म्हणजे नळीत उरलेलं औषधही रुग्णाला मिळतं.

सुरू करण्याआधी बीपी, नाडी, ऑक्सिजन, ताप लिहा. ड्रिप चालू असताना पुन्हा पुन्हा बघा आणि संपल्यावर किमान एक तास रुग्णाला नजरेसमोर ठेवा. यातला एक तास सगळ्यात जास्त चोरला जातो, विशेषतः खाट रिकामी करायची असते तेव्हा.

काय दिसलं तर हालचाल करायची? थंडी वाजून येणं, घाम, मळमळ, अंगावर पित्त उठणं, ओठ किंवा डोळ्यांभोवती सूज, छातीत घरघर, दम, बीपी घसरणं किंवा चढणं, नाडी फार जलद किंवा फार मंद होणं. अशा वेळी ड्रिप ताबडतोब बंद करा, शिरेतली सुई काढू नका, डॉक्टरांना हाक मारा, ऑक्सिजन आणि इमर्जन्सी ट्रे जवळ ओढा. ओठ-घसा सुजला, दम लागला, बीपी पडलं म्हणजे ती जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन, म्हणजेच अ‍ॅनाफिलॅक्सिस. तिथं पहिलं औषध अ‍ॅड्रेनलिन, मांडीच्या स्नायूत. एव्हिल (अ‍ॅलर्जीचं औषध) आणि हायड्रोकॉर्ट (स्टेरॉइड) त्याच्या मागून. अशी रिअ‍ॅक्शन आलेल्या रुग्णाला हे औषध पुन्हा द्यायचं नाही आणि केस पेपरवर तसं लाल शाईत लिहायचं.

'ओळखीच्या कंपाउंडरकडून घरीच लावून घेऊ' याला मी इतका विरोध का करतो, ते वरच्या परिच्छेदात आलंय. घरी अ‍ॅड्रेनलिन नसतं आणि ते द्यायला सरावलेला हातही नसतो.

पायरी ७: किती दिवस

दाखल नसलेल्या, धोका जास्त असलेल्या रुग्णाला ३ दिवस. ऑक्सिजनवरच्या दाखल रुग्णाला ५ दिवस. सुधारणा नसेल तर डॉक्टर १० पर्यंत वाढवू शकतात. बरं वाटत असेल, ऑक्सिजन सुटला असेल आणि डॉक्टर घरी सोडायला तयार असतील तर केवळ उरलेल्या डोससाठी खाट अडवून राहायची गरज नाही. 'सहा वायलचा कोर्स पुरा झालाच पाहिजे' हा आग्रह नातेवाइकांचाच जास्त असतो. उरलेली सीलबंद वायल फार्मसीत परत घेतात का ते विचारा. घरच्या फ्रीजमध्ये 'पुढे कोणाला लागली तर' म्हणून ठेवू नका.

रिकाम्या वायल जैववैद्यकीय कचऱ्याच्या निळ्या डब्यात जातात. त्याआधी लेबल मार्करने खोडा. त्या परत बाजारात भरून आल्याचं उदाहरण आपल्या राज्यातलंच आहे.

घरी आल्यावर

पहिले काही दिवस ऑक्सिजन सकाळ-संध्याकाळ मोजा. बसून एकदा आणि घरातल्या घरात सहा मिनिटं चालून एकदा. चालल्यावर आकडा तीनने किंवा जास्त उतरला, किंवा ९४ च्या खाली गेला, तर फोन करून थांबू नका, दवाखान्यात या. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक अजिबात नाही, खाज सुटतेय, असं असेल तर लिव्हरची तपासणी पुन्हा करायला हवी. कोर्स चालू असताना एसजीपीटी वाढलेलं होतं त्यांनी ते उतरल्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये, आणि त्या काळात दारू तर नाहीच, काढे आणि चूर्णंही डॉक्टरांना विचारूनच.

औषधामुळे त्रास झाला असं वाटलं तर ते नोंदवता येतं. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनची औषधांच्या दुष्परिणामांसाठी मोफत हेल्पलाइन आहे, १८००-१८०-३०२४. फोन करताना ब्रँडचं नाव, बॅच नंबर, डोसची तारीख आणि त्रास कधी सुरू झाला हे समोर लिहून ठेवा. नोंद रुग्ण स्वतःही करू शकतो, त्यासाठी डॉक्टरांच्या सहीची वाट बघावी लागत नाही.